चिमणीचा पट्टा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवती खैरनारने आपली खुज्या जातीची अडीच फुटी घोडी शेवंती आणली होती. शेवंतीला गिरासेकाकांच्या भुंगा घोड्याकडून भरवून घ्यायचं होतं. पण घोडी आणि घोडा दोघांच्याही रक्ततपासणीत हाडं वाकडी करणारा बुटकेपणाचा दोष दडलेला निघाला.

"चार शिंगरांत एखादंच बुटकं होतं ना, काका? तेवढी जोखीम मी घेते," ती म्हणाली.

काकांनी वाद घातला नाही. रुमालाआड बोटं धरून गुपचूप भाव ठरवताना टाकतात तसा त्यांनी तिच्या हातावर रुमाल टाकला, पण बोटं धरण्याऐवजी मनगटाला एक पट्टा बांधला. त्याचा जोडपट्टा शेजारी उभ्या असलेल्या भुंग्याच्या बुटक्या लेकीच्या, चिमणीच्या गळ्यात होता. चिमणीला जे होई, ते पट्टा बांधणाऱ्यालाही जाणवे.

रेवतीचे गुडघे एकदम ठणकले. जबडा दुखू लागला, श्वास पुरेना. ती मटकन खाली बसली.

"हिला... दिवसभर असंच होतं?"

"जन्मल्यापासून. नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तपासणी न करताच जोड लावली होती."

"मग ही जोड नकोच, काका." रेवती पट्टा सोडायला लागली.

"जरा थांबा, ताई."

काकांनी कोमट तेल घेतलं आणि ते चिमणीचे वाकडे गुडघे चोळू लागले. रेवतीचे गुडघे हळूहळू मोकळे झाले. मग तिच्या छातीत अशी माया दाटून आली, की या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवावंसं वाटलं.

तेवढ्यात चिमणीनेच ते टेकवलं.