नऊपैकी सात

तहसीलदारांची नोटीस घेऊन कोतवाल दारात उभा होता. ताराबाईने पदराला हात पुसले, सही केली आणि कागद वाचला. सरपंच सुलोचनाबाईंवर अविश्वास ठराव. सोमवारी सकाळी अकरा वाजता विशेष सभा.

"कोनं आनला?"

"मधुकररावांनं. सहा सदस्यांच्या सह्या हायेत," म्हणत कोतवाल पुढच्या घराकडे निघाला.

पंचायतीत सरपंच आणि ताराबाई धरून नऊ सदस्य होते. त्यांतले मधुकरराव सगळ्यांत जुने. त्यांचे चार ट्रॅक्टर होते आणि त्यांना नदीचा घाट हवा होता. घाटातली रेती काढायला पंचायतीची नाहरकत लागायची. सुलोचनाबाई दोन वर्षं ती देत नव्हत्या; विषयच सभेपुढे घेत नव्हत्या.

त्यांच्या आधीच्या सरपंचाने ती दिली होती. घाटात पोकलेन उतरले, पात्रात खड्डे पडले. पुढच्या उन्हाळ्यात ताराबाईची धाकटी जाऊ नेहमीच्या जागी धुणं धुवायला गेली. गुडघाभर पाणी समजून तिने पाय टाकला. तिला काढायला माणसांना दोर लावावे लागले.

त्याच वर्षी निवडणूक आली आणि सुलोचनाबाई ताराबाईच्या दारी आल्या. "तारा, तू उभी राह्य."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली ताराबाई लग्न होऊन या गावात आली होती. चौथीपर्यंत शिकलेली. पंचायतीच्या पायऱ्या तिने कधी चढल्या नव्हत्या. "मले काय समजते त्यातलं?"

सुलोचनाबाईंनी तिला समजावलं होतं. "दिल्लीत सरकार, मुंबईत सरकार, तशी गावात पंचायत. घटनेत लिवून हाय. बायांच्या जागा बी तिथंच लिवल्या हायेत. कोनाची मेहरबानी नाही ते."

ते शब्द ताराबाईच्या मनात बसले होते. आताही नोटीस घडी घालून ती थेट सुलोचनाबाईंकडे गेली.

"सात मतं लागतात त्यायले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "खुर्ची बाईसाठी राखीव असली का चारातले तीन हिस्से लागतात. सहा त्यायच्याकडं हायेत. गुलाबभाऊ माह्याकडून. आन् तू?"

"हे काय विचारनं झालं, बाई?"

"तुह्या घरावर जोर टाकतील."

"टाकू द्या."

शनिवारी भरदुपारी टिकाराम पायीच घरी आला. ताराबाईचा नवरा मधुकररावांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. तो ओसरीत बसला. पाणीही मागितलं नाही.

"काढलं मले. तुही बायको आमच्या बाजूनं मत देईन तं सोमवारी ये म्हन्ते."

"मंग?"

"मंग काय? दे ना त्यायले मत."

"तुमची भावसून गेली त्या खड्ड्यात. विसरले काय?"

"विसरलो नाही. पन मेलेलं मानूस परत येत नाही. पोरायले काय खाऊ घालू?"

"चिठ्ठी टाकाचा हक्क माहा हाय," ताराबाई म्हणाली. "तुमचा नाही आन् मधुकररावांचा बी नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती असं कधी बोलली नव्हती. टिकाराम उठला. त्याने दोन्ही पोरांचे कपडे पिशवीत भरले आणि त्यांना घेऊन लाखांदूरच्या एसटीत बसला. तिथून पुढे दिघोरीला, बहिणीकडे. जाताना एवढंच म्हणाला, "मत त्या बाईले देशील तं आमाले न्याले येऊ नको."

रविवारी ताराबाईने चूल पेटवली नाही.

सोमवारी सभेत तहसीलदारांनी नियम वाचून दाखवले. मतदान गुप्त होतं. ताराबाईने चिठ्ठीवर ठरावाविरुद्ध खूण केली, चार घड्या घातल्या आणि डब्यात टाकली.

चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. ठरावाच्या बाजूने पाच, विरुद्ध चार.

ताराबाईला वाटलं होतं सहा आणि तीन. म्हणजे त्या सहांपैकी कोणीतरी इकडे आला होता. कोणाला तरी लाज वाटली, असं ती मनात म्हणाली.

"ठराव फेटाळला," तहसीलदार म्हणाले. "आता वर्षभर सरपंचांविरुद्ध नवा ठराव आणता येणार नाही."

बाहेर बायांनी टाळ्या वाजवल्या. ताराबाई सुलोचनाबाईंच्या गळ्यात पडून रडली. सुलोचनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बारा दिवसांनी पंचायतीची मासिक सभा भरली. पोरं अजून दिघोरीलाच होती. ताराबाई नेहमीप्रमाणे सुलोचनाबाईंच्या डाव्या हाताला बसली. ग्रामसेवकाने विषय वाचायला सुरुवात केली. नळाची टाकी झाली, अंगणवाडीचं छप्पर झालं.

"नदीघाटावरची रेती काढण्यास नाहरकत देणे. सूचक, सरपंच."

ग्रामसेवक चुकीचं वाचतो आहे, असं ताराबाईला वाटलं. तोवर हात वर झाले होते. पहिला सुलोचनाबाईंचा, मग मधुकररावांचा, मग आणखी तीन. पाच विरुद्ध चार. ठराव मंजूर.

"बाई?"

सुलोचनाबाई कागद चाळत राहिल्या.

"बाई, त्या खड्ड्यात माही जाऊ गेली. माहे लेकरं घरी नाहीत तुमच्यापायी!"

गुलाबभाऊ खाली मान घालून बसले होते. ताराबाई उठून उभी राहिली. "मी आनीन अविश्वास. गावभर सांगीन. गाव पेटलं का हे हात वर करनारे बी पलटतील. सात जन मी गोळा करीन."

"वर्षभर आनता येत नाही, तारा," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "आन् वर्षभरात घाट रिकामा होते."

ताराबाई मधुकररावांकडे वळली. "आन् तुमी? तुमी तं यायले खुर्चीवरून काढाले निघाले होते!"

मधुकररावांनी सुलोचनाबाईंकडे एकदा पाहिलं. सुलोचनाबाईंनी मान हलवून होकार दिला.

"तो ठराव पाडाच्यासाठीच आनला होता, ताराबाई," मधुकरराव म्हणाले. "टिकारामले काढलं ते बी खरं वाटावं म्हनून. अर्ज बाईनंच लिवून देल्ला."