थंडीतलं बोलावणं

"थंडीत ये. फुलांच्या दिवसांत नको येऊस."

परदेशात राहणाऱ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, हे सांगणं धाकटीच्या कानात होतं; पण डोळे खिळले होते प्रवास कंपनीच्या टेबलावरच्या रंगीत चित्रांवर. फुलांचे ताटवे, निळंशार तळं, कोवळ्या उन्हात हिंडणारी माणसं. कारकून समजावत होता, "ताई, थंडीत तिकडे कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. भर दुपारी अंधार. जायचं तर वसंतातच."

धाकटीला तेच ऐकायचं होतं. मेहुणे वारले तेव्हा तिने शब्द दिला होता, "आक्का, तू म्हणशील तेव्हा येईन." पण म्हणून काय कुडकुडायला जायचं? तिने वसंतातलं तिकीट काढलं.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. तिथे तिने आक्काचं बोलावणं तिखटमीठ लावून सांगितलं. "चांगल्या दिवसांत तिच्याकडे बडे पाहुणे असतील. आमची अडचण नको व्हायला!"

"म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडायचं," शेजारच्या मशीनवरची दातांनी दोरा तोडत म्हणाली. सगळ्या हसल्या. धाकटी जरा जास्तच हसली.

संध्याकाळी तिने फोन लावला. "आक्का, मी फुलांच्या दिवसांत येतेय. ठरलं."

पलीकडून खरखरीत, फाटका आवाज आला. "ये ना. तेव्हाही ये."

"घसा परत बसला ना? दर थंडीत तुझं हेच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर म्हणून किती सांगायचं ग?"

"सर्दी नाही ग मला." आक्का खाकरली. "उन्हाळ्यात कुंपणापाशी शेजारीण भेटते, बाकावर कोणी ना कोणी असतंच. बर्फ पडायला लागलं की सगळ्यांची दारं बंद. मागे तुझ्याशी बोलले, त्यानंतर आजच तोंड उघडतेय बघ. वापरला नाही की गंजतो आवाज. होतो मग नीट, बोलत राहिलं की. तू बोल ना. लगेच ठेवू नकोस हं."

धाकटी रोज सकाळी घटकाभर मौन पाळायची आणि ते सुटलं की दिवसभर त्याचंच कौतुक सांगत बसायची. आक्काने तर आपल्या या सक्तीच्या मौनाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. गुळण्या सांगितल्या की "बरं" म्हणायची. बऱ्याच वेळाने फोन ठेवून धाकटी देवासमोर उभी राहिली, पण तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिची सुई सारखी बोटात शिरत होती. शेवटी तीच म्हणाली, "काल मी आक्काबद्दल बोलले ना, ते सगळं माझ्या मनचं होतं. ती तसं काही बोलली नव्हती."

मशीनं थांबली. कोणीच हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती उठली.

"कुठे निघालीस?" शेजारच्या मशीनवरचीने विचारलं.

"तिकीट बदलायला. या थंडीतच जाते."

"अग बाई! एवढ्या गारठ्यात करणार काय तू तिथे?"

"बोलणार," ती हळूच म्हणाली आणि जिना उतरू लागली.