पांढरा मागे कसा आणायचा

पांढरा चेंडू लाल चेंडूवर आपटला आणि त्याच्यामागोमाग पुढेच पळाला.

"परत तेच!" सासरे खुर्चीतून म्हणाले. "अगं, त्याला मागे बोलवायचंय. हाकलायचं नाही."

सुनेने चेंडू पुन्हा जागेवर लावले. दिवसभर लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. तिच्या सुईखाली कुणी हूं की चूं करत नसे. आणि इथे हा एवढासा चेंडू तिला जुमानत नव्हता. बुडाशी मार म्हणून सांगितलं होतं, तशी ती बुडाशीच मारत होती. मघाशी तर क्यूचं, त्या लांब काठीचं, टोक टेबलाच्या कापडालाच घासलं, तेव्हा क्लबच्या कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले, सासऱ्यांचे जुने जोडीदार वकीलसाहेब कळवळले होते, "सूनबाई, जपून! कापड आमच्याच वयाचं आहे. आमच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे, एवढंच."

शिकायचं हे खूळ तिचंच. अर्धांगाचा झटका आल्यापासून सासरे खिडकीशी बसून असायचे. क्लबचं नाव काढू नकोस, असं नवऱ्याने बजावलं होतं. तिने ते काढलं. "मला स्नूकर शिकवा," म्हणाली. ते आले, रोज येऊ लागले, पण क्यूला हात लावला नाही. उजवा हात धडधाकट होता. ज्यावर क्यू टेकवायचा तो डावाच मांडीवर पडून असायचा. "पाहुणा आहे," ते म्हणायचे. "कामाचा ना धामाचा. जेवायला तेवढा शेजारी बसतो."

तिने नेम धरला, मारलं. पांढरा पुढे.

"झटका देतेस तू. झटका नको. काठी चेंडूतून आरपार गेली पाहिजे."

"आरपार कशी जाईल, बाबा? चेंडू काय पाण्याचा आहे?"

जन्मभर जे हाताने केलं, ते त्यांना काही केल्या तोंडाने सांगता येईना. मग ते आधाराच्या काठीवर भार देत उठले, टेबलाला कंबर टेकवून उभे राहिले आणि तिच्या हातातला क्यू त्यांनी काढून घेतला. कोपऱ्यातला पेपर खाली आला.

"तुझा डावा हात ठेव इथे. बोटं पसर. अंगठा वर."

तिने ठेवला. अंगठ्याशी झालेल्या खोबणीत त्यांनी क्यू टेकवला. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती, पण तळहातावर गोळी ठेवण्यापलीकडे त्यांच्या हाताशी तिचा कधी संबंध आला नव्हता.

क्यू तिच्या कातडीवरून मागेपुढे सरकू लागला. मागे, पुढे. मागे, पुढे. काही वजनच नव्हतं त्याला. आता फटका बसणार म्हणून तिने बोटं आवळली, पण फटका आलाच नाही. क्यू नुसता पुढे गेला, मघापेक्षा पुढे, आणखी पुढे, इतका की त्याचा जाड भाग तिच्या अंगठ्यावरून सरकताना तिला कळला. टक्, एवढाच आवाज. लाल टेबलाच्या खिशात नाहीसा झाला. पांढरा त्याच्या जागी थबकला, जागच्या जागी गरगरला, आणि मग, कुणी नावाने हाक मारावी तसा, सावकाश निघाला आणि थेट तिच्या बोटांना येऊन टेकला.

वकीलसाहेब उठून उभे राहिले होते.

"अशी होय," ती पुटपुटली. "अशी आरपार."

सासऱ्यांनी क्यू तिच्या हातात दिला. "आता तू."

ती हात टेकवायला वाकली.

"थांब."

त्यांनी उजव्या हाताने आपला डावा मनगटाशी धरून उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि हिरव्या कापडावर ठेवला. एकेक बोट सरळ केलं. बोटं पुन्हा वळली. त्यांनी पुन्हा सरळ केली, वरून दाबून धरली. अंगठा पहिल्या बोटाला टेकवून उभा केला.

"घे. याच्यावरून मार."

"बाबा, लागलं म्हणजे?"

"लागलं तर कळेल तरी."

तिने क्यू त्या थंड खोबणीत ठेवला. मुठीची पकड सैल केली. मागे, पुढे. मागे, पुढे. मग तिने क्यूला जाऊ दिलं.

टक्.

"आला! आला!" वकीलसाहेब ओरडले. पांढरा लालवरून फिरला होता आणि दुडुदुडु मागे येत होता. ती हसत, भरल्या डोळ्यांनी सासऱ्यांकडे वळली.

ते चेंडूकडे बघतच नव्हते. मान खाली घालून ते आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. त्यावर क्यूच्या टोकाला लावलेल्या खडूची बारीक निळी रेघ उमटली होती.

"पुन्हा मार," ते म्हणाले. "हळू."