दिसत नाही तो उजेड

"आई, रिमोट गेला वाटतं. टाकून देऊ?" सुनेने विचारलं.

"नाही गं गेलेला," शरयूताई म्हणाल्या. त्यांनी रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबलं, तसा पडद्यावर जांभळा ठिपका लुकलुकला. "बघ. टीव्हीच बिघडलाय."

युक्ती सरांची. अख्खं गाव त्यांच्या नवऱ्याला सर म्हणायचं, म्हणून त्याही म्हणायच्या. "अगं, हाही प्रकाशच," सर सांगायचे. "तरंगलांबी जास्त, म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे?"

सून आत गेली. सर गेल्यापासून त्यांच्या आरामखुर्चीत कुणी बसलं नव्हतं. शरयूताईंनी मोबाईल हळूच तिकडे वळवला.

पडद्यावर नुसती खुर्ची आली. तरी त्यांचा हात काही खाली येईना.