दाढेतली टॉफी

"सैन्याच्या खर्चाने दातांची डॉक्टर होशील खरी, पण ते तुला वापरूनही घेतील," आई म्हणाली होती. लोरेनाने ते हसण्यावारी नेलं.

छावणीच्या दवाखान्यात ती शिकायला आली, तेव्हा वायली नावाच्या सैनिकाने तोंड उघडलं आणि सडक्या वासाने तिला उमळून आलं. किडक्या दाढेत टॉफी मुद्दाम बसवल्यासारखी दाबलेली होती.

"शी, ब्रश करत नाहीस का रे?"

"राहू द्या ना ती दाढ, मॅडम. बायकोचे दिवस भरलेत."

नाक मुरडत तिने दाढ उपटली.

दवाखान्याचे प्रमुख असलेल्या मेजरसाहेबांनी तिची पाठ थोपटली. "दात किडलेल्यांना लढाईवर पाठवता येत नाही. हा आता सोमवारी जाईल."

लोरेनाने ट्रेमधली दाढ उचलून पाहिली; टॉफी अजून तिच्यात रुतलेली होती. या वेळी तिने नाक मुरडलं नाही.



दात दुखत असूनही कोणी डॉक्टर टाळत असेल, तर नावं ठेवण्याआधी त्याची जरा विचारपूस करा.