झाकलेली नावे

कंपनीच्या वार्षिक अहवालातले विधान असे: ‘बढतीच्या अर्जांवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. निवड समिती फक्त काम पाहते.’ या निःपक्षपाती समितीने जोखीम विभागातल्या एका विश्लेषक बाईंना लागोपाठ चार वर्षे नाकारले होते. पाचव्या वर्षी बाईंनी आणि शेजारच्या सहकाऱ्याने, मिळालेल्या क्रमांकांची गुपचूप अदलाबदल करून अर्ज भरले; नावांच्या पाकिटात जाणाऱ्या चिठ्ठीवरही आपापल्या नावापुढे बदललेलाच क्रमांक लिहिला.

सात क्रमांकाची निवड झाली. नावांचे मोहोरबंद पाकीट अजून फोडलेले नव्हते, तरी समितीप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन थेट सहकाऱ्याच्या टेबलापाशी पोहोचले.

“साहेब, गुच्छ इकडे आणा,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “आणि पाकीट फोडा एकदाचं.”

पाकिटात सातपुढे बाईंचे नाव निघाले. दुसऱ्या दिवशी ‘तांत्रिक चूक’ म्हणून निवड रद्द झाली.

बाई चौकशी समितीपुढे गेल्या. “अर्ज तोच, काम तेच. मग चूक कुठली?”

प्रमुखांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः नोंदलेले आहे: “सात नंबर त्याचा आहे असं धरूनच आम्ही निवडला. बाईंचा आहे हे ठाऊक असतं, तर उघडून वाचला तरी असता का?”