कागदासकट

घटस्फोटानंतर लेक वाट्याला यायची ती फक्त शनिवारी, आणि शनिवार म्हटलं की शार्दूल रेवाला घेऊन कार्डिफच्या त्या तैवानी बाओच्या दुकानात जायचा. सारण भरलेले, वाफाळते बाओ खाली चिकटलेल्या कागदासकटच ताटलीत यायचे. पहिल्या वेळी शार्दूलनं नवखेपणानं कागदासकट घास घेतला होता, आणि कित्येक दिवस गप्प गप्प असलेली पोर खळखळून हसली होती. तेव्हापासून दर शनिवारी तो न चुकता कागद खायचा, आणि ती न चुकता हसायची. त्या हसण्यावर त्याचा आठवडा निघायचा.

आजही त्यानं कागदासकट घास घेतला. रेवा हसली. मग तिनं त्याच्या हातातून बाओ काढून घेतला आणि उरलेला कागद सोलू लागली.

"बाबा, आता नको खाऊ ना. तुझा पोट दुखेल."

"अगं, लक्षातच राहत नाही माझ्या."

"इट्स ओके. आईचा स्टीव्ह पण मुद्दाम खातो, मला हसवायला." तिनं सोललेला बाओ त्याच्यापुढे ठेवला. "मी त्याच्यासाठी पण हसते. नाहीतर तो पण सॅड होतो."